इंचात एक्कावन्न

सोलापूरच्या पूर्व भागात एका माणसाची गोष्ट सांगतात. हा माणूस टीव्हीच्या दुकानात भिंग घेऊन जायचा, पडद्यावरचे ठिपके मोजायचा आणि दुकानदारांना खोटं पाडायचा. एके दिवशी चारचौघांत तो स्वतःच खोटा पडला आणि तेव्हापासून गप्प बसला. ऐकणारे हसतात. सांगणारे तर आधीपासूनच हसत असतात.

ही गोष्ट मी पसरवली. मी त्या दुकानात सेल्समन होतो. गोष्टीचा शेवट खोटा आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी सात वर्षं मी ती ज्याला हवी त्याला चहाबरोबर वाढली. आता मी एकाहत्तर वर्षांचा आहे. गोष्ट मी बिघडवली, तेव्हा दुरुस्तीही माझ्याकडेच लागते.

त्यांचं नाव देत नाही. आम्ही त्यांना अन्ना म्हणायचो. पूर्व भागात दर तिसऱ्या माणसाला अन्ना म्हणतात, त्यामुळे कोणाला ओळख पटेल अशी भीती नाही.

अन्ना चादरींचे डिझाइनर होते. डिझाइनर म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं, त्यातलं त्यांच्याकडे काही नव्हतं. पांढरा शर्ट, खिशात लाल-निळी पेन्सिल आणि गळ्यात दोरीला बांधलेलं पितळेचं घडीचं भिंग. दुरून बघणाऱ्याला वाटायचं, शाळेतले पीटीचे सर शिट्टी अडकवून चाललेत. हे भिंग सूत मोजायचं. खाली बरोबर एक इंचाची चौकट असते. ती कापडावर ठेवायची, वरून डोळा लावायचा आणि इंचात किती तारा आहेत ते मोजायचं. चादरीवरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर काढतात. एक चौकट म्हणजे एक तार. त्या चौकटीला त्यांच्या धंद्यात 'घर' म्हणतात. अन्नांनी चाळीस वर्षं घरं भरली. त्यांनी काढलेल्या मोरांच्या चादरी अंथरून निम्मा महाराष्ट्र झोपला असेल. ते स्वतः मात्र साध्या पांढऱ्या चादरीवर झोपत. का, असं विचारलं तर म्हणत, "रात्रभर आपल्या चुकांवर कोण लोळणार बे?"

चाळीस वर्षं घरं भरलेला माणूस जगाकडे कसा बघतो, ते मी जवळून पाहिलं आहे. तो बघतच नाही, मोजतो. लग्नाला गेले की अन्ना नवरीला आशीर्वाद द्यायला वाकायचे आणि वाकल्यावाकल्या शालूच्या काठाला भिंग लावायचे. फोटोग्राफर ओरडायचा, "काका, वर बघा." अन्ना खालूनच सांगायचे, "काठाची जर खोटी हाय." स्वतःच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा तर त्यांनी कमाल केली. मुलगा बँकेत, घर स्वतःचं, सगळं जमत आलेलं. अन्ना उठले, मुलाच्या कॉलरला भिंग लावलं आणि बायकोला म्हणाले, "माणूस बरा असंल, शर्ट बरा न्हाय." लग्न झालं ते त्यांच्या बायकोमुळे. तिनं भिंग काढून घेतलं आणि साखरपुडा होईपर्यंत पिठाच्या डब्यात ठेवलं.

या माणसाची एक शिस्त होती. ती नीट सांगायला हवी, कारण पुढे मी तिचाच फायदा घेतला. कारखान्यात मोजणी जुळली नाही तर बाकीचे विणकराला शिव्या द्यायचे, नाहीतर मशीनला. अन्ना पहिला संशय स्वतःच्या डोळ्यावर घ्यायचे. एकदा मोराची चोच वाकडी उतरली. त्यांनी आपला कागद काढला, दोन दिवस घरं तपासली, चुकीचं घर सापडल्यावर त्याभोवती लाल गोल केला आणि तो कागद घरात भिंतीवर टांगला. लोक देवांचे फोटो लावतात, यांनी चूक लावली होती. "कापड काय खोटं बोलत न्हाय की," असं ते म्हणायचे. "मोजणारा चुकतो."

ते आमच्या दुकानात पहिल्यांदा आले ते घरासाठी टीव्ही घ्यायला. दुकानाचं वर्णन करण्यासारखं काही नाही. भिंतभर टीव्ही, प्रत्येकावर तोच पोपट, आणि पोपट इतका हिरवा की खऱ्या पोपटानं पाहिला असता तर लाजला असता. मी दहा वर्षं त्या भिंतीपुढे उभा राहून एचडी रेडी, फुल एचडी आणि फोर के हे तीन शब्द विकत होतो. गिऱ्हाईक विचारायचं, फरक काय? मी म्हणायचो, क्लॅरिटीचा. क्लॅरिटी म्हणजे? मी म्हणायचो, जास्त क्लिअर. त्यापुढे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

अन्नांनी बत्तीस इंची सेटकडे बोट केलं. "ह्यात घरं किती?"

"पुष्कळ घरांत गेलाय हा, काका. सगळ्यात जास्त खपतो."

त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं, गुडघे टेकले आणि पोपटाच्या पोटाला भिंग लावलं. मी दुकानात पुष्कळ प्रकारची गिऱ्हाइकं पाहिली होती, पण टीव्हीला तपासणारा डॉक्टर पहिल्यांदाच पाहत होतो. थोड्या वेळानं त्यांनी मलाही खाली बसवलं. भिंगातून पाहिलं तर पोपट नाहीच. लाल, हिरव्या, निळ्या काड्यांच्या रांगा.

"तीन काड्या मिळून एक घर," अन्ना म्हणाले. "म्हणून नुसत्या लाल मोजायच्या. इंचात एकोणपन्नास हायत. आता टेप आण."

मी टेप आणली. पडदा अठ्ठावीस इंच रुंद भरला. कागदावर गुणाकार झाला तेराशे बाहत्तर. खोक्यावर छापलं होतं तेराशे सहासष्ट.

"चार-सहा इकडं तिकडं. खरं लिवलंय की बे!" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

मी त्यांना त्याच आकाराचा फुल एचडी दाखवला, एकोणीसशे वीस बाय एक हजार ऐंशी. म्हटलं, यात घरं जवळजवळ दुप्पट आहेत. अन्नांनी विचारलं, "आमची खाट दहा फुटांवर हाय. दहा फुटांवरनं बायकोला मी दिसत न्हाय, तिला ही जास्तीची घरं दिसणार हायत व्हय?" आणि स्वस्तातला एचडी रेडी घेऊन गेले.

त्या दिवशी रेझोल्यूशन म्हणजे काय ते मला कळलं. विकणाऱ्याला हे कळणं धंद्याला वाईट असतं.

पुढची दोन वर्षं अन्ना आठवड्यातून दोनदा दुकानात येत. काही घ्यायचं नसायचं. कोणी बोलावलेलंही नसायचं. गिऱ्हाईक टीव्हीपुढे उभं राहिलं की हे मागून विचारायचे, "खाट कुठं हाय?" माणसं दचकायची. एकदा एक शिक्षक नवरा-बायको त्रेचाळीस इंची फोर के घ्यायचं ठरवून आले होते. मी खोकं काढायला वळलो, तेवढ्यात मागून आवाज आला, "खाट?" बाई म्हणाल्या, "खाट नाही, सोफा आहे. अकरा-बारा फुटांवर." अन्ना म्हणाले, "ह्यात त्र्याऐंशी लाख घरं हायत ताई. बारा फुटांवरनं कोण बघणार? मुंग्या पाळल्यात काय?" शिवाय केबलवाला जे चित्र पाठवतो, त्यातच मुळात एवढी घरं नसतात, हेही त्यांनी समजावलं. बाईंनी फुल एचडी घेतला. शेठनी, म्हणजे आमच्या मालकांनी, काउंटरमागून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मुंग्या मीच पाळल्या आहेत.

शेठनी हुकूम काढला, हा म्हातारा आला की पंखा बंद करायचा. सोलापूरचा एप्रिल. बंद पंख्याखाली दहा मिनिटं उभं राहणारा माणूस एकतर खरा असतो नाहीतर खुळा. अन्ना खिशातला चौकटीचा कागद काढून वारा घेत उभे राहायचे आणि मला विचारायचे, "काय फुल एचडी, जेवलास का?" हे नाव त्यांनी मला ठेवलं होतं. गिऱ्हाइकांसमोर. काही गिऱ्हाइकं मला त्याच नावानं हाक मारायला लागली. हे मला किती लागलं होतं, ते मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नाही.

मग तो त्रेचाळीस इंची सेट आला. कंपनीचं नाव दुरून जपानी वाटायचं, जवळ गेलं की कुठलंच वाटायचं नाही. किंमत अशी की लोक दोनदा विचारायचे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'फुल एचडी' आणि त्याखाली, चष्मा लावून शोधावा लागेल असा, 'सपोर्ट'.

अन्नांनी भिंग लावलं. "छत्तीस."

"अन्ना, सपोर्ट लिहिलंय ना."

"सपोर्ट म्हंजे काय?"

म्हणजे काय हे मला आता माहीत होतं. असा टीव्ही फुल एचडीचं चित्र आत घेतो, पण पडद्यावर तेवढी घरंच नसतात. मग चित्र दाबून, गाळून बसवतो. पडदा एचडी रेडीचाच. मी हे बोललो नाही. अन्नाच बोलले, मागावर तारा उचलणाऱ्या हुकांच्या भाषेत. "पाचशे हुकांचं डिझाइन तीनशे हुकांच्या मागावर चढवायचं आन् गिऱ्हाइकाला पाचशे सांगायचं. फुल एचडी असता तर ह्या रुंदीला इंचात एक्कावन्न भरले असते. छत्तीस घरांचा हाय. छत्तीसच विका की. पण छत्तीस लिवून विका."

शेठ म्हणाले, "म्हातारबा, दिसायला फरक पडतो का सांगा."

"दिसू दे न्हायतर न दिसू दे. लिवलंय ते पायजे."

हा हट्ट मला तेव्हा मूर्खपणाचा वाटायचा. अन्नांना वाईट चित्राचा राग नव्हता, खोट्या लेबलाचा होता. स्वस्त वस्तू स्वस्त म्हणून विकली तर ते स्वतः दोन गिऱ्हाइकं घेऊन आले असते. पण तसं विकलं तर आमच्यासारख्यांना दुकानात कशाला ठेवायचं?

त्याच सुमारास अन्नांच्या समाजाच्या मंगल कार्यालयाला सहा टीव्ही हवे होते. लग्न वरच्या हॉलमध्ये आणि पंगत खाली. खाली जेवणाऱ्यांना वरच्या अक्षता दिसाव्यात, ही कल्पना. माणसं अक्षतांना थांबत नाहीत, हे समाजानं मान्य करून टाकलं होतं. आमच्याकडून तेच त्रेचाळीस इंची घ्यायचे ठरले. अन्ना कमिटीत उभे राहिले आणि म्हणाले, हे फुल एचडी नाहीत, मी मोजलेत. कमिटीचे सेक्रेटरी घोळात पडले. दर तर चांगला होता. शेवटी ठरलं की रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी दुकानात यायचं आणि अन्नांनी सगळ्यांसमोर मोजून दाखवायचं.

शेठनी मला बोलावलं. "ही ऑर्डर गेली की तुम्ही पण जा."

लोकांना मी मनातल्या मनात हेच कारण सांगत आलो. नोकरी, वय, घर. ते खोटं नाही. पण रविवारी दुपारी माझ्या हाताला जो उत्साह होता, तो नोकरी वाचवणाऱ्याचा नव्हता. 'फुल एचडी' म्हणून हाक मारणाऱ्याला खाली बसवायचं होतं.

त्या जपानी वाटणाऱ्या कंपनीचा खरा फुल एचडीही होता. तेवढाच आकार, तीच काळी कड, तेच पाय. फक्त महाग. दुपारी बाजार बंद होतो. उन्हात कुत्रंही रस्त्यावर नसतं. मी शटर अर्धं ओढलं, मांडणीतला सेट उतरवला आणि त्याच जागी खरा फुल एचडी ठेवला. जुन्या सेटवरचा किमतीचा कागद काढून नव्याला चिकटवला. वळलो तर शेजारच्या दुकानातले टीव्ही दुरुस्त करणारे चाचा शटरखालून वाकून बघत होते.

"ये क्या कर रै मियाँ?"

"साफसफाई, चाचा."

"हौ," चाचा म्हणाले. "मैं कुछ नै देख्या. मेरेकू कुछ बोलो नक्को." आणि गेले.

संध्याकाळी कमिटीची आठ-दहा माणसं आली. अन्ना धुतलेला शर्ट घालून आले होते. भिंग पुसून आणलं होतं. पंखा चालू होता.

टीव्हीपुढे बसण्याआधी त्यांनी मला विचारलं, "त्योच सेट हाय न्हवं?"

मी त्यांच्या डोळ्यांकडे बघून म्हणालो, "तोच, अन्ना."

ते गुडघ्यांवर बसले. भिंग लावलं. ओठ हलत होते. एकदा मोजलं. मान झटकली. भिंग डावीकडे सरकवून पुन्हा मोजलं. मग खालच्या कोपऱ्यात. सेक्रेटरी घड्याळ बघायला लागले. कोणीतरी म्हणालं, "अन्ना, मोर सापडला का?" हशा झाला. अन्नांच्या कपाळावर पंख्याखाली घाम आला होता.

त्यांनी काहीही आकडा सांगितला असता तरी चाललं असतं. त्या भिंगातून मोजणारं दुसरं कोणी तिथे नव्हतं. छत्तीस म्हणाले असते तर ऑर्डर रद्द झाली असती आणि मला तोंड उघडता आलं नसतं. काय म्हणणार होतो? की मी सेट बदललाय, आता तरी नीट मोजा?

अन्ना उठले. उठताना टेबलाचा आधार घेतला. "एक्कावन्न," ते म्हणाले. "फुल एचडी हाय. मी चुकलो."

त्या दुकानात त्या संध्याकाळी खरं बोलणारा तेवढा एकच माणूस होता.

मग सगळे सुटले. "अन्ना, चष्मा बदला." "अन्ना, आता चादरी नुसत्या पांघरा." शेठनी तर पेढे मागवले. आणि मी, एवढं करूनही पोट भरलं नव्हतं म्हणून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय अन्ना, जेवलात का?" मोठा हशा झाला. अन्नाही हसले. हसता हसता भिंग दोरीवरून काढलं आणि खिशात घातलं.

कार्यालयात छत्तीसवाले सहा सेट लागले. पहिल्याच लग्नात टीव्हीखालच्या पंगतीत नवरी कोणती आणि करवली कोणती यावरून वाद झाला, असं ऐकलं. अन्ना त्या लग्नात होते. त्यांनी भिंग काढलं नाही.

महिनाभरानं एका कारखान्याचे मालक दुकानात आले. आता सगळी डिझाइन कॉम्प्युटरवर होतात, पण त्यांच्यासारखे दोघं-तिघं जुने कारखानदार अजून अन्नांकडूनच कागद भरून घ्यायचे. ते मला म्हणाले, "तुमच्या दुकानात काय झालं हो? अन्नांनी काम बंद केलं. म्हणाले, एक्कावन्नला छत्तीस बघणाऱ्यानं घरं भरू नयेत. मी किती सांगितलं. ऐकत नाहीत."

मी म्हणालो, "वय झालं त्यांचं." आणि त्यांना टीव्ही दाखवायला लागलो.

तिथे सगळं सांगता आलं असतं. ते गृहस्थ गाडी घेऊन आले होते. दहा मिनिटांत अन्नांच्या घरी जाता आलं असतं. त्याऐवजी मी त्यांना पोपट दाखवला. सेट बदलला ते एका दुपारचं काम होतं. गप्प बसणं मी रोज नव्यानं करत होतो. वर ती गोष्ट रंगवून सांगत होतो. भिंगवाल्याची गोष्ट ऐकायला लोक दुकानात येत आणि जाताना इस्त्री घेऊन जात.

चाचा अधूनमधून टोकायचे. "उनो आँखां गए बोलके घर में बैठे हैं. एक बार बोल देओ ना जी." मी म्हणायचो, बघू. निवृत्त झालो तरी बघतच होतो.

तीन महिन्यांपूर्वी मोतीबिंदू दाखवायला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. बाकावर जागा मिळाली ती नेमकी अन्नांशेजारी. पलीकडे त्यांची बायको. तिला सगळे अक्का म्हणतात. अन्नांच्या डोळ्यांत थेंब घातले होते, डोळे मिटलेले. अक्कांनी माझं नाव सांगितलं तसे हसले.

"काचबिंदू हाय मला," ते म्हणाले. "मधलं तेवढं दिसतंय, कडा गेल्या. डॉक्टर म्हणतोय दोन वर्सांत झालंय. मी म्हणतोय, सात वर्सं झाली. त्याच्याशी रोज भांडतो बघ. मला तुझ्या दुकानात कळलं. त्या सेटनं सांगितलं. न्हायतर मी तसाच घरं भरत बसलो असतो, लोकांच्या चादरी नासवल्या असत्या. उपकार हायत तुझे."

बाहेर नंबर पुकारत होते. मग सांगितलं. सेट बदलला होता. तुम्ही मोजलात तो दुसरा होता. आधी मोजलात तो छत्तीसचाच होता. कार्यालयातही छत्तीसचेच लागले.

अन्नांनी डोळे उघडले नाहीत. "त्या दिवशी टेबलावर होता त्यो किती होता?"

"एक्कावन्न."

"बरोबर एक्कावन्न?"

"बरोबर, अन्ना."

ते बायकोकडे वळले. "विन्नावा?" म्हणजे ऐकलंस का, एवढंच तेलुगूत म्हणाले.

"ऐकलं की," अक्का म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. "भाऊ, सात वर्सं तुमी माझ्या घरात एक माणूस बसवून ठिवला. सकाळपासनं भिंतीकडं बघतोय. मी म्हणायची, अवो, कागद घ्या. तर म्हणायचे, माझा डोळा खोटा हाय. डोळा चांगला होता तवा काम सोडलं. आता खरंच गेला." त्यांनी पदरानं नवऱ्याच्या गालावर आलेलं औषध पुसलं. "तुमाला काय बोलू? तुमी जेवलात का?"

हे त्यांनी मुद्दाम म्हटलं की सहज, मला कळलं नाही. विचारण्याची हिंमत नव्हती.

मी माफी मागायला लागलो. अन्नांनी हात वर केला. "हितं नको. हितं माणसं डोळं मिटून बसलीत. हॉलात सांग. वार्षिक सभा हाय पुढच्या म्हयन्यात."

गेलो. समाजाचा नव्हतो, तरी सेक्रेटरींनी पाच मिनिटं दिली. तेच सेक्रेटरी, केस पांढरे झालेले. अन्ना पहिल्या रांगेत, अक्कांचा हात धरून. मी घरून चार ओळी लिहून आणल्या होत्या. वाटलं होतं, आरडाओरडा होईल, कोणीतरी कॉलर धरेल. मी सगळं सांगितलं. सेट, किमतीचा कागद, "तोच, अन्ना" म्हणालो ते, आणि त्यानंतरची सात वर्षं.

हॉलमध्ये शांतता होती, पण ती माझी वाट पाहणारी नव्हती. तरुण मुलं मोबाईल बघत होती. त्या रविवारी दुकानात हसलेल्यांपैकी तिघं वारलेत. मागून एकानं विचारलं, "कुठले टीव्ही?" दुसरा म्हणाला, "ते बे, भंगारात गेले ते." सेक्रेटरींनी घसा साफ केला. "झालं ते झालं. अन्नांची आपण सगळे माफी मागतो." चार टाळ्या वाजल्या. "पुढचा विषय. खालच्या हॉलसाठी नवीन टीव्ही घेणे."

आता थोडे लोक हसले. मग सेक्रेटरी थांबले. हातातला कागद खाली ठेवला आणि व्यासपीठावरून उतरून अन्नांजवळ आले. "अन्ना, मी तेव्हा सगळ्यांच्या पुढं हसलो होतो. तुम्ही चला दुकानात. तुम्ही मोजाल तेच घेऊ."

अन्ना म्हणाले, "मला आता अर्धा इंच पण धड दिसत न्हाय. मी काय मोजणार?" मग माझा आवाज जिथून आला होता, त्या दिशेनं मान वळवली. मी अजून माइकपुढेच उभा होतो, खाली कधी उतरायचं ते न कळून. "ह्याला न्या."

"यांना?" सेक्रेटरी म्हणाले. "अन्ना, यांनीच तर फसवलं."

"म्हणून तर. कुटं फसवत्यात ते ह्याला ठावं हाय." अन्ना उठायला लागले. अक्कांनी त्यांना कोपराला धरून उभं केलं. "मी पण येतो. शेजारी बसतो. मोठ्यानं मोज म्हणावं त्याला, एक-एक. ऐकू येतंय मला अजून."